बेडकाचं अंडं केवढं

माझी सून जीवशास्त्र फार चांगलं शिकवते आणि चित्रं फार वाईट काढते. हे मी तिच्या तोंडावर सांगून झालेलं आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. तिनं फळ्यावर माणसाचं हृदय काढलं की त्याचं वांगं होतं, देठासकट. लातूरच्या ज्या क्लासमध्ये ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतला तर पगार, नाही तर राम राम, तिथं एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ह्याचं भरीत करायचं का रस्सा?" वर्ग हसला. तीही हसली. दाराबाहेर क्लासचे मालक उभे होते, ज्यांना अख्खं लातूर नुसतं 'सर' म्हणतं. ते हसले नाहीत. हे सगळं तिनंच घरी येऊन सांगितलं, डबा घासता घासता. सांगताना पुन्हा हसली, पण डबा मात्र उगाच जास्त वेळ घासत राहिली.

लातूरची रीत बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. इथं गल्लीबोळात क्लास आहेत आणि चौकाचौकात मेडिकलला लागलेल्या पोरांचे दारांएवढे फोटो. आमच्या वरच्या दोन खोल्यांतही अशीच पोरं भाड्यानं राहतात. त्यांचे मेसचे डबे जिन्यावर रांगेत ठेवलेले असतात आणि मी गुडघे सांभाळत त्यातून वाट काढते. उन्हाळ्यात नव्या बॅचा भरायच्या आधी प्रत्येक मास्तरचा एक डेमो होतो. पोरं पुढं बसतात, पालक मागं, सर कोपऱ्यातल्या खुर्चीत. पोरांना मास्तर पटला की वर्षभराच्या तासिका मिळाल्या. नाही पटला की पुढच्या आठवड्यात त्याच फळ्यापुढं दुसरा कुणीतरी उभा. आणि एका क्लासनं सोडलेला मास्तर दुसऱ्या क्लासला चालत नाही. लातूर तसं लहान गाव आहे. बातमी चहाच्या आधी पोचते.

सुनेनं मुलगी लहान होती म्हणून नोकरी सोडली होती. मुलगी पुण्याला होस्टेलवर गेली तेव्हा कुठं तिनं पुन्हा खडू हातात घेतला. चाळिशी उलटलेल्या बाईला कोण घेतं, पण ह्या सरांनी घेतली. आता त्यांनी निरोप दिला होता, "मॅडम, यंदा डेमो बघू, मग तासिकांचं ठरवू." एवढंच. त्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहून मला म्हणाली, "आई, शिकवायचं बंद झालं तर मी काय करू हो?"

मी म्हटलं, "माझ्यासारखी बस खुर्चीत आणि लोकांना नावं ठेव."

"त्याला तुमची अक्कल पाहिजे," ती म्हणाली. पण डोळे भरले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. सासूनं कधी काय बघायचं नाही, हे ज्ञान मला उशिरा आलं, पण आलं.

आता माझी गोष्ट. म्हणजे माझी नव्हे, त्या बाईची. नांदेडला मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा जी बाई होते, तिला मी हल्ली ओळख देत नाही. ती माझं नाव लावून हिंडायची, एवढंच आमचं नातं. तिला रंगीत खडूंचा भयंकर नाद. दोन्ही हातांनी एकदम हृदय काढायची, एका हातात निळा खडू, दुसऱ्या हातात लाल. काढून झालं की वर्गाकडं बघायची नाही. आधी दाराकडं बघायची, मुख्याध्यापिका व्हरांड्यातून चालल्यात का ते. तास संपला तरी आकृती पुसू द्यायची नाही. कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'पुसू नये' लिहायची, जणू अजिंठ्याचं लेणंच. पुढच्या तासाचे गणिताचे सर बिचारे उरलेल्या वीतभर जागेत बीजगणित करायचे. एकदा त्यांनी जागा पुरेना म्हणून जठराच्या आत समीकरण सोडवलं. बाईंनी त्यांच्याशी अबोला धरला. कशावरून? तर जठरावरून!

पेशीचं केंद्रक ती नेहमी जांभळं रंगवायची. शास्त्रीय कारण असं की जांभळा खडू दुसरं कुणी वापरत नसे, तो पेटीत उरायचा. आणि 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' हा तिचा मंत्र होता. पेपरात जादा रेघ दिसली, अर्धा गुण कमी. पेन्सिलीचा ठिपका दिसला, अर्धा गुण कमी. तिच्या पोरींची बेडकं इतकी स्वच्छ असायची की खऱ्या बेडकाला त्यांच्याशेजारी बसायची लाज वाटली असती.

आणि ह्या विदुषीनं स्वतः सूक्ष्मदर्शकात काय पाहिलं होतं? अर्धापूरला मी शाळेत शिकत असताना तो सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असे. तपासणीला साहेब येणार असले की बाहेर निघायचा. आम्ही पोरी रांगेत उभ्या, हाताला केळीच्या चिकाचे डाग, आणि एकेकीनं डोळा लावायचा आणि पुढं सरकायचं. मी डोळा लावला. काळ्या काळ्या कमानी दिसल्या. मी धन्य झाले. कांद्याची पेशी कशी दिसते म्हणून पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. ती माझी पापणी होती.

असो. तर यंदा सरांनी आणखी एक फर्मान काढलं होतं. सगळे डेमो मोठ्या स्क्रीनवर. फळा नको. सुनेला बरंच वाटलं, वांगं काढायचं टळलं. तिनं कुठूनतरी एक साइट शोधून आणली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी काढलेले पेशींचे फोटो एका जागी ठेवलेले. फुकट. शिकवायला कुणीही वापरावेत, फक्त ज्यानं काढला त्याचं नाव द्यावं. तिच्याकडं टेस्टचे पेपर तपासायचे गठ्ठे पडले होते. ती लॅपटॉप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आई, चित्रांतलं तुम्हाला कळतं. पेशीच्या धड्याला चांगली बघून निवडून द्याल?"

"मी थकलेय गं."

"मग थकून निवडा."

बसले.

दुपारी लातूरमध्ये काही हलत नाही. पंखा हलतो, तोही लाइट असेल तर. टँकरवाला कधी येतो ह्याच्याकडं एक कान, आणि डोळे त्या स्क्रीनवर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, म्हणजे पाहायला दीडच डोळा. शब्द इंग्रजीत टाकायचा. कांदा शोधायला गेले, उंदराच्या मेंदूचा काप निघाला. पुन्हा गेले, मक्याचं मूळ निघालं. एकेक चित्र उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी कणीक भिजवून यायची. आणि उघडलं की त्याच्याखाली त्याची सगळी कुंडली. कोणता जीव, कोणती पेशी, कोणता सूक्ष्मदर्शक, फोटोतला रंग खरा की मागाहून भरलेला, काढला कुणी. मुलीला स्थळ बघताना माणसं इतकी चौकशी करत नाहीत.

काही चित्रं हलायची. पॅरामेशियम मी जन्मभर चपलेच्या आकाराचा म्हणून शिकवला आणि त्याच्या कडेनं बारीक बारीक रेघा ओढल्या. त्या रेघा इथं वाऱ्यावरच्या ज्वारीसारख्या हलत होत्या. सगळ्या एकदम नाही, एकीमागून एक, शेताच्या ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. मी ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला तो शीण. बघायचं वय होतं तेव्हा पापणी बघितली, आणि आता ज्वारी बघायला मिळतेय तर मान दुखतेय. मी लॅपटॉप मिटला आणि जरा आडवी झाले. पण डोळे मिटले तरी ते हलतच होतं.

दोन आठवडे हेच. निवडत गेले. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी, बेडकाचं अंडं, पॅरामेशियम, पानाचं रंध्र, कांद्याचं मूळ, आणखी कितीतरी. सून संध्याकाळी यायची, बघायची, म्हणायची, "काय निवडलंय आई!" आणि मी आतून फुगायची. ती नांदेडची बाई गेली असं मला वाटत होतं. कुठं जातेय? ती लॅपटॉपच्या मागं दडून बसली होती.

झालं असं, की ती चित्रं मला घाणेरडी वाटली. सुंदर, पण घाणेरडी. कुणाच्या कडेला अर्धी कापलेली पेशी, कुणाच्या कोपऱ्यात अक्षरं, आणि जवळपास प्रत्येकाच्या खाली उजवीकडं एक आखूड पांढरी रेघ. रेघेखाली काहीतरी मुंगीएवढं लिहिलेलं. मला ते वाचता आलं नाही. आणि आपल्याला जे वाचता येत नाही ते महत्त्वाचं नसतं, अशी शिक्षकांची समजूत असतेच. मला वाटलं, लग्नाच्या अल्बममध्ये फोटो स्टुडिओवाला कोपऱ्यात आपलं नाव टाकतो, तसलं काही असेल. मुलानं मला चित्र कातरायचं शिकवलं होतं, आणि डाग पुसायचंही. मग काय विचारता! मी एकेक चित्र घेतलं, कडा कातरल्या, रेघा पुसल्या, सगळी एका मापाची केली, प्रत्येकाला काळी बारीक चौकट घातली. खाली काढणाऱ्याचं नाव आणि मधोमध शीर्षक, मराठीत आणि इंग्रजीत. सुबक व नामनिर्देशित. अर्धा गुणसुद्धा कुणी कापू शकणार नाही अशी.

सुनेनं शेवटची फाइल डेमोच्या आदल्या दिवशी घाईत चाळली. "आई, किती स्वच्छ केलंत," म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

डेमोला मला यायला तिनं सांगितलं नव्हतं. उलट 'उन्हात कुठं जाता' म्हणाली होती. ती गेली आणि तिच्यामागून मी रिक्षा केली. दाराशी एका पोरानं विचारलं, "आजी, पालक का?" मी मान हलवली. मान हलवणं हे खोटं बोलणं नव्हे. मागच्या ओळीत एक खुर्ची मिळाली. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ होते, बिलोलीकडचे. पुढं तिसऱ्या बाकावरची लाल रिबनवाली त्यांची पोरगी. गाडीत मळमळलं म्हणून हातात लिंबू धरून बसले होते.

"तुमचं कोण हाय, आजी?"

"सून."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सून मेडिकलची तयारी करून राहिली? ह्या वयात?"

"तयारी न्हाई. ती पुढं उभी हाय, ती. शिकवून राहिली."

"असं होय," ते म्हणाले आणि लिंबू दुसऱ्या हातात घेतलं. "मग बरं शिकवू द्या देवा. आमची लई प्रश्न विचारती. तिला सांगून आणलंय, आज गप बसायचं म्हणून."

सुरुवात झकास झाली. सुनेचा आवाज खणखणीत आहे आणि तिला पोरांशी बोलता येतं, ते मला कधीच आलं नाही. मी पोरींशी नाही, फळ्याशी बोलायची. स्क्रीनवर माझ्या रक्तपेशी आल्या, गोल गोल, मधे खड्डा पडलेल्या. पोरं पुढं झुकली. मग पॅरामेशियम हलला तर कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं. मी बिलोलीच्या पाहुण्यांकडं असं बघितलं की जणू मीच तो पाळलाय. तिसरं चित्र बेडकाचं अंडं. मग तिनं तुलना करायला रक्तपेशी आणि अंडं शेजारी शेजारी लावलं, माझ्या दोन काळ्या चौकटींत, एकाच मापाची.

तिसऱ्या बाकावरचा हात वर झाला.

"मेलो," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

"मॅडम, बेडकाचं अंडं अन् रक्ताची पेशी येवढीच असती का?"

"म्हणजे?"

"न्हाई, दोन्ही सारखीच दिसून राहिलीत. आमच्या विहिरीत तर अंडी नुसत्या डोळ्यानं दिसतेत. मग रक्ताच्या पेशी पण दिसाया पाहिजेत ना, बोट कापलं की?"

पोरं हसली. सून हसली नाही. ती स्क्रीनकडं वळली, चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडं बघितलं. मग दुसऱ्या चित्राच्या त्याच कोपऱ्याकडं. आणि मग, का कोण जाणे, तिनं वर्गावरून मागं नजर टाकली, आणि मी दिसले. मी पदर सारखा केला. दुसरं काय करणार होते? त्या क्षणी मला ती पांढरी रेघ काय होती ते कळलं. चाळीस वर्षं शास्त्र शिकवलेल्या बाईला कळलं, बिलोलीच्या पोरीनंतर.

ती म्हणू शकली असती, 'हो हो, मोठं असतं अंडं, पुढं चला.' लातूरचा मास्तर हेच म्हणतो. पुढं अजून ढीगभर चित्रं होती, घड्याळाचा काटा पळत होता आणि कोपऱ्यात सर बसले होते. पण ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. ह्या चित्रांवर माप असायला पाहिजे होतं, ते गेलंय. त्याशिवाय कुठलं केवढं ते मीसुद्धा सांगू शकत नाही. मूळ चित्रावर असेल. थांबा, उघडून बघू."

आणि तिनं सगळ्यांसमोर ती साइट उघडायला घेतली. पांढऱ्या पडद्यावर एक चकरी फिरायला लागली.

लातूरच्या डेमोत मास्तर थांबला की बॅच हातची गेली. सगळ्यांना ते माहीत. सर पेनानं खुर्चीचा हात वाजवायला लागले. एक बाप घड्याळ बघत उठला आणि आपल्या पोराला खुणावून बाहेर घेऊन गेला. चकरी फिरतेच आहे. मी त्या नांदेडच्या बाईला मनातल्या मनात जितक्या शिव्या माहीत आहेत तितक्या दिल्या. बऱ्याच माहीत आहेत.

सून मात्र पोरांना विचारत होती, "तोवर सांगा, विहिरीत ते अंडं केवढं दिसतं?"

"मोहरीयेवढं!"

"न्हाई मॅडम, खसखशीयेवढं."

"हॅट्, तू विहीर तरी बघितली का? साबुदाण्यासारखं असतंय, अन् मधी काळा ठिपका."

"तो ठिपकाच अंडं हाय बे. बाहीरचं नुसतं बुळबुळीत."

भांडण जुंपलं. खेड्यातली पोरं, त्यांना लातूरमध्ये येऊन पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या विहिरीचं विचारत होतं. चकरी थांबली. चित्र आलं, माझ्या चौकटीशिवाय, कडेला अर्धं कापलेलं दुसरं अंडं, आणि खाली ती पांढरी रेघ. सुनेनं ती मोठी करून दाखवली. ह्या चित्रात एवढी रेघ म्हणजे अर्धा मिलिमीटर. मग रक्तपेशींचं मूळ पान उघडलं, पुन्हा चकरी, पुन्हा रेघ. इथं जवळजवळ तेवढीच रेघ म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले पाच भाग. तिनं लाल रिबनवालीला उठवलं, हातात कागदाची पट्टी दिली आणि पडद्यावर रेघ मोजायला लावली. मग त्या पट्टीनं अंडं मोजलं, पेशी मोजली. बाकीच्यांनी हिशेब मांडला. कुणाचं शून्य चुकलं, कुणी शेजाऱ्याचं बघितलं.

"मॅडम, अंड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड-दोनशे रक्तपेशी बसतेत. नुसत्या एका रांगेत!"

"बसतात. आणि अंड्यात किती पेशी आहेत?"

"लाखभर?"

"एक."

दोघातिघांनी वहीतला हिशेब पुन्हा वाचला.

"अख्खं अंडं एकच पेशी?" रिबनवाली म्हणाली. "म्हंजी आम्ही विहिरीत पेशी बघून राहिलो होतो? डोळ्यानं?"

"डोळ्यानं."

शेजारच्या गृहस्थांनी मला कोपर मारलं. "विहीर उपसताना आपण बादलीनं फेकून दिलं की हो ते."

आणि घंटा झाली. सगळ्या फाइलीतली तीन चित्रं झाली होती. पानाचं रंध्र नाही, कांद्याचं मूळ नाही, धड्याचे प्रश्न नाहीत, पुस्तकातल्या ओळी अधोरेखित करणं नाही. काही नाही.

मी बाहेर येईपर्यंत व्हरांड्यात सर तिच्याशी बोलत होते. माणूस वाईट नाही. डोळ्यांखाली काळं आलेलं, सकाळपासूनचा हा कितवा तरी डेमो. "मॅडम, मला आवडलं," ते म्हणाले. "खरं सांगतो, मला पण माहीत नव्हतं. पण एका तासात तीन चित्रं? आपल्याकडं तासाला धडा व्हायला पाहिजे. पालक घड्याळ लावून बसतात. अकरावी-बारावीच्या बॅचला मी हे नाही देऊ शकत."

मला राहवलं नाही. मी मधे घुसले. "सर, चूक माझी आहे. रेघा मी काढून टाकल्या."

"कुठल्या रेघा, आजी?"

"मापाच्या. चित्रांवरच्या. मी कातरल्या म्हणून तिला थांबावं लागलं."

त्यांनी माझ्याकडं अशा दमलेल्या मायेनं बघितलं की मला लाज वाटली. "रेघांचं काही नाही हो आजी. तिनं थांबायला नको होतं, एवढंच." सगळा दोष अंगावर घ्यायला मी छाती काढून उभी, आणि त्या दोषाला कुणी गिऱ्हाईकच नाही!

मग ते सुनेला म्हणाले, "नांदेडला आपली शाखा आहे. आठवी-नववीच्या पोरांना तिथं कुणी टिकत नाही. परीक्षा लांब असते, घाई नसते. आठवड्यातले तीन दिवस. बघा जमलं तर. फक्त ह्या वर्षापुरतं म्हणतोय मी, पुढचं नंतर."

रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. फोटोंतली मेडिकलला लागलेली पोरं एकेक करून मागं जात होती. मग म्हणाली, "तुम्ही आत कशा आलात?"

"पालक म्हणून."

"कुणाच्या?"

"तुझ्या. दुसरं कोण आहे माझं त्या वर्गात?"

ती माझ्याकडं वळली, "आई, रेघा का हो काढून टाकल्यात?"

"घाण दिसत होत्या."

तिला हसू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. हसता हसता तिनं ओढणी तोंडाला लावली आणि ती तशीच लावून ठेवली. घर येईपर्यंत काढली नाही.

घरी मुलगा म्हणाला, "नांदेड? तीन दिवसांसाठी? आठवी-नववीला शिकवायला एवढी दगदग कशाला? आराम कर की जरा." तो चांगल्या मनानं म्हणाला. माझा मुलगा सगळं चांगल्या मनानं म्हणतो. म्हणूनच त्याच्यावर नीट ओरडता येत नाही.

"मला आराम नको आहे," ती म्हणाली. "आज ती पोरं विहिरीवरून भांडत होती ते तू ऐकायला पाहिजे होतंस. मी जाणार."

"आणि राहणार कुठं?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. नांदेडला माझ्या नोकरीच्या काळातलं दोन खोल्यांचं घर आहे. मी ते विकू दिलेलं नाही, का ते मलाही सांगता येत नाही. मला तिथं परत जायचं नव्हतं. त्या जिन्याला कठडा नाही, आणि शेजारणीला अजून माझ्याबद्दल सगळं आठवतं. पण सून एकटी त्या बंद घरात येणार आणि कोरडी पोळी खाऊन झोपणार, हेही डोळ्यांपुढून हलेना.

"चावी माझ्याकडं आहे," मी म्हटलं. "मी चावी कुणाला देत नाही. म्हणजे मलाच यावं लागणार."

त्याला आता सहा-सात महिने झाले. आम्ही दोघी एसटीनं अहमदपूर, लोहा करत जातो आणि तसंच परत येतो. रस्ता सगळा खोदून ठेवलाय. कंबर इतकी हलते की नांदेड आलं तरी माझं सगळं अंग लोह्यातच राहिलेलं असतं. तिचे तास दुपारी असतात. वर्गात थोडीच पोरं, उमरीकडची, अर्धापूरची, गावातली. ती घसा बसून येते. पोरांनी काय विचारलं ते चपला काढायच्या आधी सांगायला लागते. कधी चिडून येते. नववीतलं एक पोरगं म्हणतं, हे परीक्षेला येणार नसेल तर कशाला. कधी एक तास चित्र उघडतच नाही, मग ती फळ्यावर काढते, आणि वर्ग हसतो, आणि ती सांगते की हे मूत्रपिंड आहे, वांगं समजू नका. मी वरण-भात लावून ठेवते. चित्रं अजून मीच शोधते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललंय, कारण ते झालं की काही दिवस स्क्रीनकडं बघता येत नाही म्हणतात.

परवा मी तिला म्हटलं, "एप्रिलनंतरचं काही खरं नाही बघ. सरांनी एका वर्षाचंच सांगितलंय. ते शाखा बंद करतील, नाही तर कुणी तरुण आणतील. तुझी फरफट, माझी फरफट."

ती भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "एप्रिल लांब आहे हो आई. उद्या गांडूळ आहे."

मग काय करते. हात धुतले आणि गांडूळ शोधायला बसले. ढिगानं निघाली.